मायबाखचा फ्लोट आणि आबांची येझदी

सिम्पल कार्बोरेटरची आकृती मी आजवर किमान दहा वेळा तरी काढली असेल. जर्नलमध्ये, टेस्टला, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या फाईलवरून... फ्लोट चेंबर, नीडल, जेट, व्हेंच्युरी, थ्रॉटल, सगळी नावं तोंडपाठ. मार्कही मिळाले. पण दिवाळीच्या सुट्टीत कबनूरला घरी गेलो, खरा कार्बोरेटर हातात आला, तेव्हा त्यातला मेन जेट कुठला हेसुद्धा मला धड ओळखता आलं नाही. मित्रांनो, हसू नका, तुमचंही तेच होईल!

गाडी आबांची. आबा म्हणजे माझे थोरले काका. येझदी, १९८९ ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण आबांची गाडी काही बंद पडली नाही. तिच्यावरून त्यांनी इचलकरंजीहून सुताची पोती आणली, आम्हा पोरांना शाळेत सोडलं, आजीला दवाखान्यात नेलं. पुढे गुडघा दुखायला लागला, किक मारणं सुटलं आणि गाडी मागाच्या शेडमध्ये चार वर्षं तशीच उभी. या दिवाळीत काकूंनी भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगून टाकलं होतं. आबा काही बोलले नाहीत. नुसते शेडमध्ये गेले आणि टाकीवरची धूळ पुसून आले. ते बघून माझ्या तोंडातून निघून गेलं की सोमवारच्या आत चालू करून दाखवतो. मेकॅनिकलचा ना मी!

शनिवारी कार्बोरेटर उतरवला. आत जुन्या पेट्रोलचा आणि ऑईलचा गुळासारखा चिकट थर. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेलं. पेट्रोल उडून गेलं आणि ऑईल तळाशी बसलं. जेट काढून रॉकेलमध्ये भिजत घातले. ते भिजेपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून मोबाईलवर हा कार्बोरेटर शोधला कुणी ते वाचायला बसलो आणि मग निम्मी रात्र वाचतच राहिलो. त्या माणसाचं नाव विल्हेल्म मायबाख. मायबाख म्हटलं की आपल्याला कोट्यवधींची गाडी आठवते. माणूस मात्र अगदी वेगळा निघाला.

जन्म ९ फेब्रुवारी १८४६, जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी. वडील सुतार. आठव्या वर्षी आई गेली, दहाव्या वर्षी वडील. नातेवाइकांना भावंडं सांभाळणं जमेना, म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली गेली. रॉयटलिंगेनला गुस्टाव वेर्नर नावाचे पाद्री अनाथ मुलांसाठी संस्था चालवत, त्यांनी विल्हेल्मला ठेवून घेतलं. तिथे मुलांनी काम करायचं आणि शिकायचं. याला आधी बेकरीत लावलं होतं! पण पोराचा हात ड्रॉईंगमध्ये चालतो हे वेर्नर यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला संस्थेच्याच वर्कशॉपच्या ड्रॉईंग ऑफिसात घेतलं. बेकरीतच राहिला असता तर आपला एक प्रश्न तरी वाचला असता.

त्याच वर्कशॉपचा प्रमुख म्हणून गॉटलीब डाइमलर आला. वयाने बारा वर्षांनी मोठा. त्याने या पोराला हेरलं ते कायमचंच. डाइमलर नोकरी बदलून जिथे जाईल तिथे मायबाख मागोमाग. १८६९ ला कार्ल्सरुह, १८७२ ला डॉइट्झ. डॉइट्झ म्हणजे निकोलाउस ऑटोचा कारखाना, ज्याची सायकल आपण पी-व्ही डायग्रामवर काढतो तो ऑटो. पुढे ऑटो आणि डाइमलर यांचं बिनसलं, आणि १८८२ मध्ये डाइमलर कानश्टाटला आला. घर घेतलं, बागेतल्या काचेच्या खोलीचं वर्कशॉप केलं आणि मायबाखला बोलावून घेतलं. दोघं तिथे रात्रंदिवस काहीतरी ठोकत बसायचे. माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतात. पोलिसांनी त्यांच्या गैरहजेरीत येऊन बघितलं तर आत नुसती इंजिनं!

त्यातलंच एक इंजिन १८८५ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यावर चढवलं. २६४ सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर. तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं, आपल्या लहानपणीच्या सायकलसारखी. पेट्रोल इंजिनावर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल म्हणतात ती हीच. म्हणजे आबांच्या येझदीची खापरपणजी म्हणायची.

पण तिचा कार्बोरेटर आपल्या आकृतीतला नव्हता. त्यात हवा इंधनाच्या भांड्यातून जायची आणि जाताना वाफ घेऊन जायची. यात एक खोट होती. इंधनातला हलका भाग आधी उडायचा आणि जड भाग मागे राहायचा. त्यामुळे भांडं भरल्यावर मिश्रण एक आणि निम्मं झाल्यावर दुसरंच.

याचं उत्तर मायबाखला सापडलं ते पडत्या काळात. १८९० मध्ये डाइमलरच्या नावाने कंपनी निघाली, पैसा भांडवलदारांचा. त्यांनी मायबाखपुढे असा करार ठेवला की तो १८९१ मध्ये सोडूनच गेला. थोडे दिवस घरीच काम केलं. मग डाइमलरने कंपनीच्या नकळत पैसे पुरवले आणि कानश्टाटमधल्या हर्मान नावाच्या जुन्या हॉटेलच्या हॉलमध्ये थोडे कामगार आणि थोडी शिकाऊ पोरं घेऊन मायबाखने पुन्हा मांड मांडली. तिथे १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्बोरेटर झाला. इंधनाची वाफ व्हायची वाट बघायचीच नाही. फ्लोटने पातळी एकसारखी ठेवायची, जेटच्या तोंडाच्या जरा खाली. इंजिनाने हवा ओढली की तिच्याबरोबर इंधन फवाऱ्यासारखं उडतं. जितकी ओढ, तितकं इंधन. (खरं सांगायचं तर हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत अशाच कार्बोरेटरचं पेटंट मागितलं होतं, मायबाखच्या काही महिने आधी. आपल्या पुस्तकात दोघांचंही नाव नाही, मायबाखचंही नाही.)

१८९५ मध्ये कंपनीला दोघांनाही परत बोलवावं लागलं. १९०० मध्ये डाइमलर वारला. त्याच वर्षाच्या शेवटी मायबाखने ३५ हॉर्सपॉवरची गाडी तयार केली, तिला नाव मिळालं मर्सिडीज, गिऱ्हाइकाच्या मुलीचं! फ्रेंच लोक मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणू लागले आणि इकडे कंपनीत त्याला हळूहळू कोपऱ्यात बसवलं गेलं. १९०७ मध्ये तो बाहेर पडला. पुढे मुलगा कार्लबरोबर झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं केली. मायबाख नावाची मोटार निघाली तीसुद्धा कार्लची, १९२१ मध्ये. कॉलेजची डिग्री नसलेल्या या माणसाला १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी तो गेला.

रविवारी सकाळी जेट साफ केले. आबांनी लोखंडी तार हातातून काढून घेतली. भोक मोठं होतं म्हणाले, आणि वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा दिला. जोडलं, दहा-बारा किक मारल्या. गाडी भडभडली आणि मेली. प्लग काढला तर काळा आणि ओला. कार्बोरेटरखाली पेट्रोलची धार. परत किक, परत तेच. दुपारपर्यंत माझा पाय गेला आणि इज्जतही जायच्या बेतात.

मग रात्रीचं आठवलं, फ्लोटने पातळी एकसारखी ठेवायची. ती राहत नसेल तर? पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं! म्हणजे फ्लोट बुडत होता, नीडल बंद होत नव्हती आणि पेट्रोल येतच राहत होतं. आकृतीत फ्लोटला भोक कधीच नसतं हो. काकूंकडून कढत पाणी आणलं, चुलीपासून लांब अंगणात फ्लोट त्यात दाबून धरला. शिवणीजवळून बुडबुडे आले. तिथे खूण केली. आतलं सगळं पेट्रोल निघून जाईपर्यंत आबांनी शाळीगनला हात लावू दिला नाही. टाकाही अगदी ठिपक्याएवढा, कारण फ्लोट जड झाला की पातळी परत चढणार.

दिवे लागायच्या सुमाराला चौथ्या किकला येझदी चालू झाली. शेडभर निळा धूर. आबांनी हातात ॲक्सिलरेटर घेतला, आयडलिंगचा स्क्रू कान लावून थोडा फिरवला आणि मला मागे बस म्हणाले. किक मी मारायची, गाडी ते चालवणार, असं ठरलं. आम्ही गावातून एक चक्कर मारून आलो.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक इंजेक्शनच आहे, कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हिंडून बघितलं, तीन सापडले. त्यातला एक गळतो आहे, मालकाने रूमवर येऊन भेटावं.

सोमवारी भंगारवाला आला. काकूंनी त्याला मागाचं मोडकं लोखंड दिलं.