बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने

पुण्यास १९६२ साली ज्ञानप्रबोधिनीची स्थापना झाली आणि बुद्धिमापन, प्रज्ञावान विद्यार्थी हे शब्द मराठी घरांतून हळूहळू परिचयाचे होत गेले. पुढे नवोदय विद्यालयांच्या प्रवेशचाचण्या आल्या. शिष्यवृत्तीच्या परीक्षा तर होत्याच. चाचणीच्या दिवशी मूल आत बाकावर बसलेले असते आणि आईवडील बाहेर झाडाच्या सावलीत उभे असतात. पुष्कळदा आतल्या मुलापेक्षा बाहेरच्या मंडळींचाच जीव अधिक टांगणीला लागलेला दिसतो. मूल बावरले तर काय? शेजारच्यांचे मूल निवडले गेले आणि आपले राहिले, तर त्याचा अर्थ काय समजायचा? ज्यांनी अशा चाचणीचा पहिला उपयुक्त आराखडा तयार केला, त्या फ्रेंच पंडिताचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. या प्रश्नांपैकी बऱ्याच प्रश्नांचा विचार त्यांनी स्वतःच करून ठेवला होता, हे वाचकांच्या लक्षात येईल.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. ते नगर त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते. १८६० मध्ये ते फ्रान्सकडे गेले. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत, आई चित्रकार होती. दोघे विभक्त झाल्यावर आईनेच या एकुलत्या मुलाला वाढविले आणि शिक्षणासाठी पॅरिसला आणले. तेथील लुई-ल-ग्रां या नामांकित विद्यालयात ते शिकले आणि १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, तोही अर्धवट सुटला. मग राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मिल, तेन, रिबो यांचे मानसशास्त्रावरील ग्रंथ वाचून काढले. या शास्त्रात त्यांना रीतसर गुरू असा लाभला नाही.

१८८३ च्या सुमारास त्यांचा प्रवेश सालपेत्रियेर रुग्णालयात, विख्यात डॉक्टर शार्को यांच्या मंडळीत झाला. संमोहित रुग्णाच्या अंगावरील लक्षणे लोहचुंबकाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेता येतात, असे बिने यांनी आपले सहकारी फेरे यांच्यासह मोठ्या आत्मविश्वासाने प्रसिद्ध केले. बेल्जियमच्या देलबफ यांनी त्यातील दोष उघड केला : चुंबकाचा यात काही संबंध नाही; परीक्षकाला काय हवे आहे हे रुग्णाला कळते आणि तो तसे वागतो. बिने यांना अखेर हार मान्य करावी लागली. नामुष्की लहान नव्हती. परंतु आम्हांस वाटते, त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या फजितीतच आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आणि शब्दांवरून उत्तर कसे वाकते, याचा त्यांनी नंतर शाळकरी मुलांवर कसून अभ्यास केला आणि १९०० मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

१८८४ मध्ये त्यांचा विवाह भ्रूणशास्त्रज्ञ बाल्बियानी यांच्या कन्येशी झाला. मादलेन आणि आलिस या दोन मुली त्यांना झाल्या आणि घर हीच त्यांची प्रयोगशाळा बनली. मुली चालावयास शिकल्या तेव्हाचे त्यांचे निरीक्षण मोठे मनोवेधक आहे. थोरली मादलेन गंभीर मुद्रेने एकेक आधार पाहून घेई, पुढचा आधार हाताशी असल्याची खात्री होईपर्यंत पहिला सोडीत नसे. धाकटी आलिस हसत, खिदळत खोलीच्या मध्यभागी धाव घेई. पुढे धरावयास काही आहे की नाही याचा तिला विचारच नसे. पुढेही तसेच. थोरली एकाग्र आणि वास्तवाला धरून राहणारी, धाकटी कल्पनेच्या भराऱ्या मारणारी. एकाच घरात, एकाच आईवडिलांच्या हाताखाली वाढलेल्या या दोघींत अधिक बुद्धिमान कोण? पित्याने हा प्रश्न त्या रूपात कधी सोडविलाच नाही. १९०३ साली दोघींवरच्या प्रयोगांचा ग्रंथ त्यांनी निराळी नावे घालून प्रसिद्ध केला, त्यात भर आहे तो विचार करण्याच्या दोन भिन्न रीतींवर.

या मुलींनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकविली. त्या काळी इंग्लंडात गाल्टन आणि अमेरिकेत कॅटेल हे डोळ्यांची तीक्ष्णता, स्पर्शाची सूक्ष्मता, प्रतिसादाचा वेग असल्या गोष्टी मोजून बुद्धी जोखू पाहत होते. बिने यांनी मुलींना दोन रेषांची लांबी ताडावयास सांगितली, तर त्या जवळजवळ मोठ्या माणसांइतक्याच अचूक ठरल्या! मग लहानथोरांतील भेद कोठे आहे? तो आकलनात, स्मरणात, भाषेत, निर्णयात आहे. बुद्धी तपासावयाची तर असलीच कामे दिली पाहिजेत. मधल्या काळात डोकी मोजण्याचा नादही त्यांनी करून पाहिला. हुशार आणि मंद मुलांच्या मस्तकांत फरक नाममात्रच आढळला, तेव्हा त्यांनी ती वाट सोडून दिली.

१८९१ पासून ते सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करीत होते आणि पुढे तिचे संचालक झाले. प्राध्यापकपद मात्र त्यांना मायदेशी अखेरपर्यंत मिळाले नाही. (फावल्या वेळी हे गृहस्थ रंगभूमीसाठी अंगावर काटा आणणारी भयनाट्ये एका सहलेखकासह लिहीत असत, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.)

१८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९०४ मध्ये सरकारने त्यासाठी एक आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढावयाचे खरे, पण मूल खरोखर मंद आहे की केवळ खोडकर, आजारी किंवा दुर्लक्षित आहे, हे ठरवावयाचे कोणी? खास वर्गात बसल्याचा शिक्का कोणत्याही मुलाला भूषणावह होणार नाही, याची बिने यांना पुरती जाणीव होती. म्हणून केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबू नये असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे आज ज्या चाचणीला मुलांची पुढे निवड करण्याचे साधन मानतात, तिचा जन्म मागे राहिलेल्यांवर अन्याय होऊ नये यासाठी झाला.

तरुण डॉक्टर तेओदोर सिमों यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये ३० कसोट्यांची श्रेणी प्रसिद्ध केली. जळत्या काडीचा डोळ्यांनी मागोवा घेणे, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतील भेद ओळखणे येथपासून तीन शब्द एका वाक्यात गुंफणे आणि अमूर्त कल्पनांतील फरक सांगणे येथपर्यंत त्या चढत जातात. १९०८ मध्ये कसोट्यांची मांडणी वयानुसार, तिसऱ्या वर्षापासून तेराव्यापर्यंत, केली गेली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, आडनाव सांगावे, इत्यादी.

चाचणी घेण्याची रीत त्यांनी सांगून ठेवली आहे, ती पालकांनी अवश्य पाहावी. खोली शांत आणि एकान्तातली असावी. मुलाचे स्वागत मायेने करावे. परीक्षक अनोळखी असेल तर मुलाच्या ओळखीचे एखादे माणूस जवळ बसू द्यावे. मात्र त्याने तोंडातून अवाक्षर काढू नये. भेदरलेल्या मुलाची परीक्षा ही बुद्धीची परीक्षा नव्हे, इतकी साधी गोष्ट आहे. पण ती आजही सर्वत्र पाळली जाते असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

ब्रुसेल्समधील सुखवस्तू घरांतल्या मुलांना देक्रोली आणि देगां यांनी याच कसोट्या दिल्या, तेव्हा ती मुले पॅरिसच्या गरीब वस्तीतील मुलांहून सुमारे दीड वर्षाने पुढे आढळली. बिने यांनी हा फरक झाकला नाही. घरातील भाषा आणि परिस्थिती उत्तरांत उतरते, हे त्यांनी मान्य केले.

बुद्धी जन्मजात ठरलेली आणि न वाढणारी आहे, या मताचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. १९०९ च्या ग्रंथात त्यांनी त्याविरुद्ध कडक लिहिले. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचविले : पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे, काही क्षण दाखविलेल्या वस्तू आठवून लिहिणे. असा वर्ग पाहावयास आलेल्या काही लोकप्रतिनिधींनी तोच खेळ करून पाहिला आणि ते मुलांच्या मागे पडले, ही हकीकत त्यांनी मोठ्या मिस्किलपणे नोंदली आहे.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पॅरिस येथे बिने निवर्तले. १९१२ मध्ये जर्मनीचे स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून गुणोत्तर काढण्याची रीत सुचविली. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी ती रूढ केली. बुद्धीचा आता एक आकडा झाला, आणि पालकांची चिंताही त्या आकड्याभोवती फिरू लागली. टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील दीड हजारांवर प्रज्ञावान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचे कार्य आरंभिले. त्या निवडीत विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ ही दोन मुले कमी गुणांमुळे वगळली गेली. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्यास १९५६ मध्ये आणि दुसऱ्यास १९६८ मध्ये.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील मुलांसाठी कन्नड आणि मराठी भाषांत उतरविल्या. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. सिमों मात्र १९६१ पर्यंत हयात होते. आपल्या श्रेणीचा असा आकडा बनविणे म्हणजे तिच्या मूळ हेतूचा विश्वासघात होय, असे ते वार्धक्यातही सांगत राहिले.