‘कमवा आणि शिका’ : एका फिरत्या विक्रेत्याची कहाणी

जुईनगरहून लोकलने निघालेला विद्यार्थी सानपाडा ओलांडून वाशीस उतरतो आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाच्या महाविद्यालयात वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकतो. ज्यांचे नाव आपल्या महाविद्यालयास आहे ते गृहस्थ काही वर्षे गावोगाव हिंडून लोखंडी नांगर विकत होते, हे त्यास बहुधा कोणी सांगितलेले नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणास श्रेयांक देऊ केले आहेत. कामाचे आणि शिक्षणाचे नाते नेमके कसे असावे, हा प्रश्न त्यामुळे आम्हा अध्यापकांपुढे नव्याने उभा आहे. आणि त्या प्रश्नाशी भाऊरावांइतकी दीर्घ झुंज आपल्याकडे क्वचितच कोणी दिली असेल.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरास शिकत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि त्यापायी जैन वसतिगृहातील जागा गमावून बसले. शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला. मॅट्रिकचा शिक्का मात्र त्यांना कधीच मिळाला नाही. साताऱ्यास खासगी शिकवण्या करून ते पोट भरू लागले आणि ‘पाटील मास्तर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे १९१४ मध्ये कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्याचे नाकारल्याबद्दल त्यांना तुरुंगवास सोसावा लागला.

यानंतर ते किर्लोस्करांच्या नांगराचे फिरते विक्रेते झाले. चरित्रकार या काळावरून झरझर पुढे जातात. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र येथे थांबावेसे वाटते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. अशा गिऱ्हाइकापुढे नांगर विकणे म्हणजे केवळ मालाची स्तुती करणे नव्हे. शेतकरी नांगर का घेत नाही, त्याच्याकडे रोख पैसा का नाही, सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे त्यास का वाचता येत नाही, या प्रश्नांची साखळी त्या फिरतीतच त्यांच्या मनात जुळली असली पाहिजे. आम्ही ज्यास बाजारपेठेचे सर्वेक्षण म्हणून एका सत्रात उरकतो, ते त्यांनी पायी केले. पुढे धनजीशा कूपर यांच्यासमवेत साताऱ्याजवळ नांगरांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता; परंतु मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले.

दरम्यान ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली होती. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत, स्वयंपाकादी कामे मुलेच करीत. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहाची चूल पेटती ठेवली. त्या १९३० मध्ये निवर्तल्या. संस्थेच्या ताळेबंदात ही रक्कम कोणत्या सदराखाली दाखवावी, हे आमच्या हिशेबशास्त्राला अद्याप सुचलेले नाही. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असता, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. पुढे १९४८ च्या सुमारास सरकारने अनुदान रोखले, तेव्हा भाऊरावांनी रयतेपुढे हात पसरून संस्था तगवली.

या योजनेत विद्यार्थी श्रम करी आणि त्या श्रमातून त्याचे शिक्षण चाले. श्रमाचे मोल विद्यार्थ्याच्याच पदरात पडत असे, हा तिचा गाभा होय. आजच्या प्रशिक्षणात नेमके हेच सुटते. एका आस्थापनेत दोन महिने कागद जुळविण्याचे काम करून आलेला माझा एक विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन परतला. भाड्याचे पैसे मात्र त्याच्या वडिलांनी भरले होते. त्यास श्रेयांक मिळाले, आस्थापनेस फुकटचा कारकून मिळाला. आणि ज्याच्या घरी दोन महिने बिनपगारी राहण्याची ऐपत नाही, त्याने काय करावे? गोदामात रात्रपाळी करून सकाळी वर्गात डुलक्या घेणारा मुलगा खरे तर भाऊरावांचाच विद्यार्थी. पण त्याच्या त्या नोकरीस आम्ही शिक्षण मानीत नाही. प्रशिक्षण सवेतन असल्याखेरीज त्यास श्रेयांक देऊ नयेत, आणि विद्यार्थी आधीच करीत असलेल्या नोकरीचा, तिचा अभ्यासपूर्ण अहवाल घेऊन, त्यात समावेश करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतावरचे श्रम आणि कचेरीतील काम यांत अंतर आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय भाऊरावांच्या वेळी काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती; आज त्या दोन आहेत आणि त्यांचे हितसंबंध निरनिराळे आहेत. म्हणूनच महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने करारास बसणे अगत्याचे ठरते.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेचे साताऱ्यातील वाणिज्य महाविद्यालय धनंजयराव गाडगीळ या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने चालते; आणि त्याच गावी संस्थेच्या परिसरात या नांगरविक्याची समाधी आहे.