पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

काशी, गया, सोमनाथ आदी तीर्थक्षेत्री ज्यांचे नाव भाविकांच्या मुखी कृतज्ञतेने येते, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म इ. स. १७२५ मध्ये अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील चौंडी या गावी माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इ. स. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी प्रजेसाठी मागे राहण्याची विनवणी केली. देवींनी ती मानली व सासरे मोहिमेवर असता तोफा आणि दारूगोळ्याची तजवीजही त्या पाहू लागल्या.

इ. स. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये देवींचे एकुलते पुत्र मालेराव निवर्तले. दौलत निर्वारस झाली असे मानून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधले. दादा सैन्यासह माळव्यात आले. पुत्रशोक ताजा असताही देवींनी धीर सोडला नाही. त्यांनी फौज सज्ज केली, शिंदे, भोसले, गायकवाड यांना मदतीसाठी लिहिले आणि माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. स्त्रीवर विजय मिळविल्यास कीर्ती नाही, पराभव झाल्यास मात्र अपकीर्ती अटळ, असा निरोप त्यांनी दादांस धाडल्याचे परंपरा सांगते. पेशव्यांनी देवींचा पक्ष उचलून धरला. दादांनी आपण सांत्वनासाठी आल्याचे सांगितले, तेव्हा देवींनीही पाहुण्यास साजेसा त्यांचा आदर केला. रक्त न सांडता दौलत वाचली.

पुढे सेनापतिपद तुकोजी होळकर यांच्याकडे सोपवून देवींनी महेश्वर येथून सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्यकारभार केला. सरकारी खजिना राज्यासाठी आणि खासगीचे उत्पन्न धर्मकार्यासाठी, हा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला. इ. स. १७८० मध्ये उभे राहिलेले काशी विश्वेश्वराचे मंदिर आणि ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा ही त्याच खासगीची फळे होत.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे देवींनी देह ठेवला. शस्त्र सज्ज ठेवावे, परंतु ते प्रजेच्या रक्षणापुरतेच उचलावे, आणि दान द्यावे ते स्वतःच्या धनातून, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे. त्यांनी बांधलेल्या घाटावर स्नान करताना प्रत्येक भाविकाने त्याचे स्मरण ठेवावे.