रियासतकार गो. स. सरदेसाई : एका इतिहास-शिक्षकाची संसारयात्रा

शाळेत शिकलेला इतिहास बहुतेकांच्या बाबतीत परीक्षेबरोबरच संपतो. सनावळ्या विस्मरणात जातात, लढायांची नावे एकमेकांत मिसळतात आणि उरते ती केवळ एखाद्या चांगल्या शिक्षकाची आठवण. महाराष्ट्राच्या भाग्याने त्याला असा एक शिक्षक लाभला की, ज्याने वर्गातील धडा वर्गातच संपू दिला नाही. त्याच्या वर्गात विद्यार्थी होते अवघे काही. परंतु त्यांच्यासाठी काढलेल्या टिपणांतून जे ग्रंथ निर्माण झाले, ते पुढे मराठी घराघरांत वाचले गेले. हा शिक्षक म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम तथा नानासाहेब सरदेसाई.

कोकणातून बडोद्यास

नानासाहेबांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घरची परिस्थिती सामान्य होती. त्या काळी कोकणातील होतकरू मुलाला शिक्षणासाठी घर सोडण्यावाचून गत्यंतर नसे. रत्नागिरीस शालेय शिक्षण, नंतर पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय असा प्रवास करून १८८८ साली ते बी. ए. झाले. पदवीधरांची संख्या मोजकी असलेल्या त्या दिवसांत सरकारी नोकरीचा राजमार्ग त्यांना मोकळा होता. तथापि १८८९ साली त्यांना बडोद्याचे बोलावणे आले आणि आयुष्याला वेगळेच वळण लागले.

बडोद्याच्या गादीवर त्या वेळी सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला होता. आपले शिक्षण उशिरा सुरू झाले याची जाणीव त्यांच्या ठायी कायम असावी. कारण ज्ञानाची अशी भूक फार थोड्या राजांना होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केला व पुढे तो सर्व राज्यभर नेला. अशा या राजाला ग्रंथ वाचून दाखविण्यासाठी वाचक म्हणून सरदेसाई रुजू झाले. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि इंग्रज इतिहासकार सीली यांचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ मराठीत आणला. महाराजांबरोबर त्यांना युरोपचा प्रवासही घडला.

राजवाड्यातील वर्ग

वाचकाच्या कामाबरोबरच राजपुत्रांना शिकविण्याची जबाबदारी नानासाहेबांकडे आली, आणि येथेच त्यांच्यातील इतिहासकार जागा झाला. शिकवायचे तर होते, परंतु काय वाचून शिकवायचे? मराठ्यांच्या इतिहासावर हाताशी होता तो मुख्यतः ग्रँट डफचा १८२६ सालचा इंग्रजी ग्रंथ. तो एका परकीय अधिकाऱ्याने लिहिलेला. मराठीत बखरी होत्या, पण त्यांत दंतकथा आणि सत्य यांची सरमिसळ. अस्सल पत्रे वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत आणि सरकारी कोठारांत मोडी लिपीत पडून होती. आरंभापासून अखेरपर्यंत सुसंगत सांगितलेला, मुलाच्या हाती निःशंकपणे देता येईल असा मराठी ग्रंथच नव्हता.

सामान्य शिक्षकाने उपलब्ध पुस्तकावर वेळ मारून नेली असती. नानासाहेबांनी स्वतः टिपणे काढण्यास प्रारंभ केला. मिळेल तो ग्रंथ वाचावा, परस्परांशी ताडून पाहावा, कालक्रमाने मांडावा आणि मग विद्यार्थ्यांपुढे जावे, हा त्यांचा परिपाठ झाला. या टिपणांचा संग्रह वाढत गेला आणि त्यातून १८९८ साली मुसलमानी रियासत हा ग्रंथ सिद्ध झाला. रियासत म्हणजे राज्य किंवा राजवट. हिंदुस्थानच्या इतिहासाचे मुसलमानी, मराठी आणि ब्रिटिश असे तीन कालखंड कल्पून प्रत्येकाची रियासत लिहावी, असा त्यांचा संकल्प होता. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ साली निघाला आणि पुढील भाग सुमारे तीस वर्षे निघत राहिले. ब्रिटिश रियासतही त्यांनी लिहिली.

योगायोग असा की, ज्या १८९८ साली मुसलमानी रियासत आली, त्याच साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस ही मंडळी अस्सल कागद उजेडात आणीत होती. त्या कागदांचा अर्थ सामान्य वाचकाला उलगडून सांगणारा एक जाणता मनुष्य हवा होता. सूत काढणारे अनेक असले तरी ताणा-बाणा जुळवून सलग वस्त्र विणणारा विणकर निराळाच असावा लागतो. सरदेसाईंनी मराठी इतिहासाचे ते विणकाम केले.

पुत्रशोक

नानासाहेब जितके ग्रंथात रमत, तितकेच ते कुटुंबवत्सल होते. त्यांना दोन मुलगे होते. त्यांपैकी श्यामकांत याला त्यांनी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकावयास ठेवले. बडोद्यातील एका मराठी गृहस्थाने आपला मुलगा दूर बंगालमध्ये पाठवावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे उच्च शिक्षणासाठी तो जर्मनीस गेला. परंतु दैवाच्या मनात काही वेगळेच होते. दोन्ही मुलगे ऐन तारुण्यात निवर्तले. आई-वडिलांनी मुलांसाठी रचलेले सर्व मनोरथ त्यांच्याबरोबरच संपले.

राजवाड्यातही याहून निराळे घडले नव्हते. सयाजीरावांच्या चार पुत्रांपैकी फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली मृत्यू पावले. ज्या घरच्या मुलांना इतिहास शिकविण्यासाठी नानासाहेबांनी लेखणी हाती घेतली, त्या घरातील एकेक मुलगा असा गेला. राजा आणि शिक्षक यांच्या ऐश्वर्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. दुःखाच्या बाबतीत मात्र दोघे एकाच पंक्तीस बसले.

अशा प्रसंगी मनुष्य खचतो, विरक्त होतो किंवा कडवट होतो. नानासाहेबांनी आपले दुःख बाजारात मांडले नाही आणि त्याचा बाऊही केला नाही. मुलाने लिहिलेली पत्रे त्यांनी जपून ठेवली, नीट लावली आणि श्यामकांताची पत्रे या नावाने प्रसिद्ध केली. आयुष्यभर इतरांच्या घरची जुनी पत्रे वाचणाऱ्या इतिहासकाराने आपल्या घरच्या पत्रांनाही तोच न्याय लावला. पित्याचे हृदय आणि संशोधकाची शिस्त यांचा असा संगम विरळाच म्हणावा लागेल.

कामशेत आणि पेशवे दप्तर

१९२५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी बडोद्याची सेवा सोडली आणि मुंबई-पुणे लोहमार्गावरील कामशेत येथे इंद्रायणीच्या परिसरात ते राहावयास आले. मोठ्या शहरात मानमरातब मिळाला असता. त्यांनी मावळातील शांतता पत्करली. लोकांच्या दृष्टीने ही निवृत्ती होती. प्रत्यक्षात त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे काम अद्याप व्हावयाचे होते.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर तिचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते आणि पुण्यात बंदिस्त अवस्थेत पडले होते. पोथी बासनात बांधावी तसे हे कागद कापडी रुमालांत बांधलेले. असे रुमाल हजारोंच्या संख्येने होते. त्यांत राजकारणाची पत्रे होती, तसेच गावोगावचे हिशेब, रोजकीर्दी आणि वसुलाचे ताळेबंदही होते. संशोधकांना तेथे सहजासहजी प्रवेश मिळत नसे. अखेर मुंबई सरकारने त्यातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे ठरविले आणि सर जदुनाथ सरकार यांच्या पुरस्काराने हे काम सरदेसाईंकडे आले.

या नेमणुकीवर टीकाही झाली. सरदेसाई हे ग्रंथकार आहेत, मूळ कागदांचे संशोधक नव्हेत, असा पुण्यातील काही अभ्यासकांचा आक्षेप होता. निवड कशी करावी, छपाईची घाई का, यांवरही वाद झाले. त्या टीकेत तथ्यांश नव्हताच असे नाही. एवढ्या अफाट संग्रहातून वेचलेल्या कागदांत काही महत्त्वाचे निसटणे अपरिहार्यच होते. नानासाहेबांनी मात्र वादात वेळ न दवडता काम चालू ठेवले. तरुण मदतनीस हाताशी घेऊन मोडी कागद वाचावे, निवडावे, बाळबोधीत उतरवावे, प्रत्येकाचा सारांश इंग्रजीत द्यावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. पानिपत, उत्तरेतील मोहिमा, वसईचा संग्राम यांबरोबरच पेशव्यांच्या घरगुती जीवनाचे कागदही त्यांनी निवडले. दुकानाची किल्ली मुलांच्या हाती देऊन बहुतेकजण स्वस्थ बसतात त्या पासष्ट ते सत्तर या वयात हे काम झाले, हे लक्षात घेतले म्हणजे मन थक्क होते.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. नवे कागद पाहिल्यावर आपण पूर्वी लिहिलेल्यात फेरफार करावयास हवा, हे त्यांच्या ध्यानात आले. पहिली रियासत लोकप्रिय होती. तीच पुनःपुन्हा छापली असती तरी कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी जुना मजकूर बाजूस ठेवून शहाजी, शककर्ता शिवाजी, उग्रप्रकृति संभाजी, स्थिरबुद्धि राजाराम अशा स्वतंत्र भागांतून तो इतिहास नव्याने लिहिला. काल शिकविलेला धडा आज अपुरा ठरला तर तो पुन्हा शिकवावा, हे खऱ्या शिक्षकाचे लक्षण होय.

बंगाली मित्र

सर जदुनाथ आणि नानासाहेब यांची मैत्री ही भारतीय विद्याक्षेत्रातील एक सुंदर हकिकत आहे. एक मोगल इतिहासाचा अधिकारी, दुसरा मराठ्यांच्या. दोघांच्या विषयांतील पूर्वज रणांगणावर समोरासमोर उभे ठाकलेले; पण या दोघांचा पत्रव्यवहार अर्धशतकभर अखंड चालला. मतभेद होत, चुका दाखविल्या जात, कागदांची देवघेव होई. जदुनाथ कामशेतला येऊन राहत. नानासाहेबांनी १९२६ साली पाटणा विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाहांवर इंग्रजीतून व्याख्याने दिली. पुणे येथील इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार दोघांच्या देखरेखीखाली अनेक खंडांत प्रसिद्ध झाला. वृद्धापकाळी जदुनाथांवरही पुत्रवियोगाचा घाला पडला. दोन वृद्ध पित्यांना परस्परांचे मौनही समजत असावे.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी मराठ्यांचा समग्र इतिहास इंग्रजीत लिहिण्याचे काम नानासाहेबांनी ऐंशीच्या घरात हाती घेतले आणि १९४६ ते १९४८ या काळात त्याचे तीन खंड प्रसिद्ध केले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९५८ साली जदुनाथ गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, कामशेत येथे नानासाहेबांची प्राणज्योत मालवली.

संसार हाच इतिहास

१९५६ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी नाव दिले माझी संसारयात्रा. एवढे ग्रंथकर्तृत्व असताना त्यांनी नावात संसार हाच शब्द घ्यावा, यात त्यांच्या स्वभावाचे मर्म आहे. विद्वत्ता ही संसारापासून पळून जाण्याची वाट नसून संसाराचाच एक भाग आहे, अशी त्यांची धारणा असली पाहिजे. स्वतःचे दोन्ही मुलगे गमावलेल्या या गृहस्थाने मराठी मुलांच्या पिढ्यांना त्यांच्या पूर्वजांची ओळख करून दिली. त्यांच्या पश्चात स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली मराठी रियासत नव्याने प्रसिद्ध झाली आणि आजही अभ्यासक तिच्याकडे वळतात.

त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. दुःख आले तरी हातातील काम खाली ठेवू नये, हा एक. आणि दुसरा असा की, जुन्या कागदाला रद्दी समजू नये. घराघरांतील जुन्या चोपड्या, पेढ्यांच्या वह्या, वडीलधाऱ्यांची पत्रे यांतच उद्याचा इतिहास दडलेला असतो. एखादा सरदेसाई ती वाचावयास येईल तेव्हा ती जाग्यावर असावयास हवीत.

अशा या विद्याव्यासंगी, कुटुंबवत्सल शिक्षकाच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!