जुना ऑसिलोस्कोप दुरुस्त करताना दोनदा भेटणारा माणूस: फर्डिनांड ब्राउन

भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज एसी असते, म्हणजे ती सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते. फोनच्या बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. चार्जरमध्ये हा बदल करायला डायोड असतात. डायोड म्हणजे वीज एका बाजूने जाऊ देणारा आणि उलट्या बाजूने अडवणारा छोटासा पार्ट. असं काही होऊ शकतं, हे दीडशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी दाखवलं. त्यांचं नाव कार्ल फर्डिनांड ब्राउन.

मी एरवी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करतो. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र. चाळीस-पन्नास वर्षं जुना स्कोप बंद पडला की माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर असतो. आणि तो तपासताना ब्राउन हमखास आठवतात.

त्यांचा जन्म 1850 साली जर्मनीतल्या फुल्डा गावी झाला. 1874 मध्ये ते लाइपझिगच्या एका शाळेत शिकवत होते. धातूंची सल्फाइडं असलेल्या खनिजांवर तारेचं टोक टेकवून त्यांनी वीज सोडली, तर ती एका दिशेने सहज गेली आणि उलट दिशेने फारशी गेलीच नाही. ओहमच्या नियमात हे बसत नव्हतं. असं का होतं, याचं नीट उत्तर मिळायला पुढे पन्नासहून जास्त वर्षं लागली. पण उत्तर नाही म्हणून त्यांनी निरीक्षण दडवलं नाही, सरळ छापलं.

पुढे ते स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाले. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. तिथे 1897 मध्ये त्यांनी कॅथोड रे ट्यूब बनवली. काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ठिपका उमटवायचा आणि बाहेरच्या कॉइलमधला करंट बदलला की ठिपका हलायचा. तो फिरत्या आरशात पाहिला की करंटची लाट दिसायची. याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. पुढचे ऑसिलोस्कोप आणि जुने डबा टीव्ही याच नळीतून आले.

आता दुरुस्तीकडे येऊ. पॉवर सप्लायमध्ये चार डायोडचा ब्रिज एसीची उलटी लाट सुलटी करतो आणि कपॅसिटर तिचे चढउतार सपाट करतो. मी दुसऱ्या, चालू स्कोपवर हे चढउतार बघतो. उंचवटे दर 10 मिलिसेकंदांनी येतायत पण खूप मोठे आहेत, तर कपॅसिटर म्हातारा झालाय. ते 20 मिलिसेकंदांनी येतायत, म्हणजे अर्धी लाट गायब आहे, तर बहुधा ब्रिजमधला एखादा डायोड तुटलाय. थोडक्यात, ब्राउन यांच्या 1897 च्या शोधावर मी त्यांच्या 1874 च्या शोधातली बिघाड शोधत असतो! (घरी लगेच उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात. जाणकार माणूस सोबत हवाच.)

1909 चं नोबेल मात्र त्यांना या दोन्हींसाठी मिळालं नाही. ते मिळालं बिनतारी संदेशयंत्रणेसाठी, मार्कोनी यांच्याबरोबर विभागून. ठिणगीचं सर्किट अँटेनापासून वेगळं ठेवून त्यांनी ट्रान्समीटरचा पल्ला वाढवला होता.

शेवट वाईट झाला. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू असताना रेडिओ पेटंटच्या खटल्यात साक्ष द्यायला ते अमेरिकेला गेले. 1917 मध्ये अमेरिकाही जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि परतीची वाट बंद झाली. 20 एप्रिल 1918 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांचं निधन झालं. युद्ध संपायला तेव्हा सातच महिने उरले होते.

मार्कोनींचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. ब्राउन यांचं नाव फारसं कानावर येत नाही, पण त्या शाळामास्तरांनी पाहिलेली गोष्ट आज आपल्या प्रत्येक चार्जरमध्ये रोज घडते.