गाडगेबाबांच्या मागे काय उरले?

सत्पुरुष देहाने गेल्यावर त्याच्या शिकवणुकीचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. येथे गावोगावी समाध्या आहेत आणि त्यांच्यापुढे वर्षानुवर्षे यात्रा भरतात. परंतु ज्याने कोणाला शिष्य केले नाही, मंत्र दिला नाही, आणि पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्याला काठी उगारून दूर ठेवले, त्याचा प्रभाव त्याच्या पश्चात कशाच्या आधारावर टिकावा? या दृष्टीने गाडगेबाबांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली. मामाची गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात डेबूजींचे बालपण सरले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे सावकारी पाशाचा जाच मामाच्या घराला भोगावा लागला. दारू, कर्ज आणि निरक्षरता यांनी कुणब्याचे घर कसे बसते, हे डेबूजींना कोणा पंडिताकडून शिकावे लागले नाही. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मांस आणि मद्य न ठेवता त्यांनी गोडाचे जेवण घातले व भावकीचा रोष पत्करला. त्यांच्या सुधारणेचा आरंभ असा स्वतःच्या घरापासून झाला.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती मातीचे गाडगे आणि खराटा, एवढाच त्यांचा संसार उरला. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनात शास्त्रार्थाचे अवडंबर नसे. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. देवापुढे बकरे कापू नये, लग्नासाठी ऋण काढू नये, शिवाशीव पाळू नये, एक वेळ उपाशी राहावे पण मुलांना शाळेत घालावे, हे त्या प्रश्नोत्तरांचे सार होते. दिवसा खराट्याने गाव झाडणारा हा माणूस रात्री शब्दांनी माणसांची मने झाडीत असे.

लोकांनी दिलेल्या पैशाला त्यांनी स्वतःचा हात लागू दिला नाही. त्या पैशातून ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांसाठी सोपविली. स्वतः उभारलेल्या वास्तूवरील हक्क असा सहज सोडणारे संस्थापक विरळाच. १९५२ साली या कार्याची व्यवस्था पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. डॉ. आंबेडकरांना जाऊन तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते.

त्यानंतर जे घडले ते दोन प्रकारचे आहे. एकीकडे अमरावतीत समाधी झाली, गावोगावी पुतळे बसले. दगडापुढे हात जोडणाऱ्यांना आयुष्यभर कोड्यात टाकणाऱ्या माणसाची मूर्ती आज हार स्वीकारीत उभी आहे. शासनाने २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. अभियानाने अनेक गावांत शौचालये आणली, गटारे बांधली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तपासणी समिती येणार म्हणून झाडलेले गाव समितीची पाठ फिरताच पूर्ववत होत असेल, तर तो प्रभाव बाबांचा नव्हे, बक्षिसाचा म्हणावा लागेल.

दुसरीकडे मुंबईत दादरला त्यांच्या नावाची एक धर्मशाळा आहे. बाबांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी ती उभी राहिली. कर्करोगावरील उपचारासाठी दूरदूरच्या गावांहून येणाऱ्या आणि महानगरात ज्यांना कोणी ओळखत नाही अशा रुग्णांना व त्यांच्या नातलगांना तेथे आसरा मिळतो. आलेल्यांपैकी अनेकांना गाडगेबाबा कोण होते हे ठाऊकही नसेल. त्यांना रात्री पाठ टेकायला जागा मिळते, आणि तीर्थक्षेत्री उघड्यावर झोपणारा वारकरी पाहून बाबांनी जे आरंभिले तेच काम तेथे पुढे चालते.

गुरू जिवंत असतो तोवर त्याच्या नावाने काय करू द्यायचे हे त्याच्या हाती असते. तो गेल्यावर ते अनुयायांच्या हाती जाते. बाबांच्या हातातली काठी होती तोवर कोणी त्यांच्या पाया पडू शकला नाही. ती काठी गेली आणि पाया पडणे सोपे झाले. खराटा मात्र तेव्हा जितका जड होता तितकाच आजही आहे. पुण्यतिथीला पुतळ्यापुढे जमणाऱ्यांपैकी किती जण लग्नासाठी कर्ज काढण्याचे टाळतात, किती जण जातीचा विचार न करता शेजाऱ्याला ताटावर बसवून घेतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरापुरता मांडावा. बाबा अद्याप जिवंत आहेत की नाहीत, हे त्या हिशेबावरून कळेल.