फायरप्लेस घ्यायचीय? मग अमेरिकेतून पळालेल्या या हेराची गोष्ट आधी वाचा

डिसेंबर-जानेवारीत शेवगावात पहाटे चक्कर मारली, की चौकाचौकात शेकोट्या दिसतात. शेकोटीचं एक आहे, पुढून तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते. त्यात वारा फिरला की धूर थेट डोळ्यात.

आता हीच शेकोटी घरात हवी म्हणून शॉपिंग ॲपवर ‘फायरप्लेस’ टाकून बघा. फायरबॉक्स, थ्रोट, डॅम्पर, फ्लू, ड्राफ्ट, बीटीयू असे शब्द समोर येतात आणि डोकं गरगरायला लागतं. पण हे सगळे शब्द दोनच प्रश्नांभोवती फिरतात. धूर कुठं जातो आणि ऊब कुठं जाते?

या दोन प्रश्नांची नीट उत्तरं शोधणारा माणूस म्हणजे बेंजामिन थॉम्पसन, उर्फ काउंट रम्फर्ड. माणूस म्हणून त्याचा हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे.

२६ मार्च १७५३ ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात, वोबर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरात तो जन्मला. वडील लहानपणीच गेले. तेराव्या वर्षी त्याला सेलममधल्या एका दुकानात उमेदवारीला धाडलं. तिथं फटाक्याची दारू बनवायच्या नादात स्फोट झाला आणि पोरगं चांगलंच भाजलं. आगीशी त्याची ओळख झाली ती अशी.

पुढे मास्तरकी करायला तो न्यू हॅम्पशायरच्या कॉंकर्डला गेला. या गावाचं जुनं नाव रम्फर्ड. तिथं १७७२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं सारा वॉकर रॉल्फ या आपल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, श्रीमंत विधवेशी लग्न केलं. एका रात्रीत मास्तर जमीनदार झाला. गव्हर्नरशी ओळख झाली आणि थेट मेजरचं पद मिळालं.

पण ते दिवस स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावरचे होते. हा इंग्रजांचा माणूस आहे असा लोकांना संशय होता, आणि संशय खरा होता. १७७४ मध्ये जमाव घरावर चालून आला तेव्हा तो आधीच पसार झालेला. बायको आणि काही महिन्यांची मुलगी मागे राहिली. पुढे त्यानं इंग्रज सेनापतीला अदृश्य शाईतून गुप्त माहिती पुरवली आणि १७७६ मध्ये लंडन गाठलं. बायकोशी त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही. ती १७९२ मध्ये वारली.

लंडनमध्ये त्यानं सरकारी खात्यात बस्तान बसवलं आणि बंदुकीच्या दारूवरचे प्रयोग करून १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलोही झाला. तिथून तो जर्मनीतल्या बव्हेरियाच्या इलेक्टरच्या चाकरीत शिरला. शेकोटीची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

म्युनिक शहरात तेव्हा भिकाऱ्यांची संख्या प्रचंड होती. १ जानेवारी १७९० ला थॉम्पसननं लष्कराच्या मदतीनं त्यांना गोळा केलं आणि सैन्याचे कपडे शिवण्याच्या कामाला लावलं. आजच्या नजरेनं ही जबरदस्तीच म्हणावी लागेल. पण बदल्यात ऊबदार खोली आणि पोटभर जेवण होतं. त्यासाठी त्यानं बार्ली, वाटाणा, बटाटा घालून केलेलं स्वस्त सूप तयार केलं. पुढे ते ‘रम्फर्ड सूप’ म्हणून युरोपभर गेलं.

अडचण अशी होती की इतक्या लोकांचं शिजवायचं तर लाकूड किती जाळायचं? जाळ आणि भांड्याचा हिशेब मांडताना त्याच्या लक्षात आलं, की उघड्या जाळाची बहुतेक ऊब भांड्याला लागतच नाही. ऊसतोडीला गेलेल्या शेवगाव-पाथर्डीच्या कुटुंबांच्या कोपीपुढं तीन दगडांची चूल मांडलेली असते, तिथं आजही हेच घडतं. थॉम्पसननं प्रत्येक भांड्याखाली विटांनी बंदिस्त केलेला जाळ दिला आणि हवा कमी-जास्त करायची सोय केली. आपल्याकडे चुलीला वैल ठेवून उरल्या उष्णतेवर कालवण गरम ठेवणाऱ्या बायकांना यातलं निम्मं गणित आधीच ठाऊक होतं. त्यांना सरदारकी कुणी दिली नाही, एवढंच.

याला मात्र मिळाली. काउंट होताना त्यानं नाव घेतलं ‘रम्फर्ड’, म्हणजे ज्या गावातून जीव घेऊन पळाला त्याच गावाचं!

१७९५ च्या सुमारास तो लंडनला परतला. श्रीमंतांच्या घरात भल्यामोठ्या फायरप्लेस होत्या, पण खोलीत धूर आणि पाठीला हुडहुडी. रम्फर्डनं गवंडी हाताशी धरून एकेक फायरप्लेस दुरुस्त करायला घेतली आणि १७९६ मध्ये त्यावर निबंध छापला. दुकानातले शब्द इथंच नीट उलगडतात.

जिथं लाकूड प्रत्यक्ष जळतं तो कप्पा म्हणजे फायरबॉक्स. जुन्या फायरबॉक्सच्या बाजूच्या भिंती सरळ आणि खोल असायच्या, त्यामुळे ऊब आतच राहायची. रम्फर्डनं कप्पा उथळ केला, मागची भिंत पुढच्या तोंडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवली आणि बाजूच्या भिंती १३५ अंशांत बाहेर फाकवल्या. लोखंडाऐवजी वीट-दगड वापरायला आणि त्यांना पांढरा रंग द्यायला सांगितलं, म्हणजे ऊब खोलीकडे फेकली जाईल. आजही जाहिरातीत ‘रम्फर्ड’ प्रकारची फायरप्लेस दिसली, तर ती ही.

फायरबॉक्स संपून धुराडं सुरू होतं ती अरुंद जागा म्हणजे थ्रोट, म्हणजे घसाच. आधी ती एवढी रुंद असायची की धुराबरोबर खोलीतली गरम हवाही वर पळायची. रम्फर्डनं ती चार इंचांवर आणली आणि पुढची कड गोल केली, म्हणजे धूर न अडखळता वर जाईल. मग चिमणी साफ करणारी पोरं आत शिरणार कशी? त्यासाठी मागचा एक दगड काढता-घालता येईल असा ठेवला.

फ्लू म्हणजे धुराड्यातली आतली नळी आणि ड्राफ्ट म्हणजे तिची ओढ. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. गुऱ्हाळाची चिमणी उंच का बांधतात, याचं उत्तर हेच. डॅम्पर म्हणजे या वाटेवरची झडप. जाळ पेटवताना ती उघडायची आणि पूर्ण विझल्यावरच बंद करायची. घाई केली तर धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड खोलीतच राहतो. ‘व्हेंट-फ्री’ म्हणजे धुराड्याशिवाय जळणारी फायरप्लेस घ्यायच्या आधीही याचाच विचार करा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात.

राहिलं बीटीयू. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागणारी उष्णता, ती एक बीटीयू. उष्णता पाण्यानं मोजायची युक्ती रम्फर्डनंही वापरली होती. म्युनिकच्या कारखान्यात तोफेची नळी कोरताना नुसत्या घर्षणानं त्यानं अडीच तासांत पाणी उकळून दाखवलं, आणि उष्णता हा पदार्थ नसून हालचाल आहे असं १७९८ मध्ये मांडलं. इलेक्ट्रिक फायरप्लेस घेणाऱ्यानं मात्र थ्रोट-डॅम्पर विसरून वॅट बघावेत. त्यातला जाळ म्हणजे दिव्यांचा खेळ, ऊब देतो तो हीटर. एक किलोवॅट म्हणजे तासाला साधारण ३४१२ बीटीयू आणि मीटरवर एक युनिट.

रम्फर्डनं आपल्या फायरप्लेसचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्यानं बांधावी. तिचं नाव इतकं झालं की जेन ऑस्टिनच्या कादंबरीतही ती आली, आणि १८०० मध्ये जेम्स गिलरेनं त्याच्यावर व्यंगचित्र काढलं, त्यात हे महाशय शेकोटीकडे पाठ करून बूड शेकताना दिसतात. त्याआधी १७९९ मध्ये त्यानं लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन उभी करण्यात पुढाकार घेतला होता.

१८०५ मध्ये पॅरिसला त्यानं दुसरं लग्न केलं, थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएची विधवा मारी-ॲन हिच्याशी. दोघं हुशार आणि दोघं हट्टी. तिला घरात पाहुणे हवेत, याला शांतता. एकदा यानं पाहुण्यांना फाटकाबाहेर ठेवून कुलूप घातलं, तर तिनं याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले.

२१ ऑगस्ट १८१४ ला पॅरिसजवळच्या ओतॉय इथं तो वारला. कॉंकर्डला मागे सोडलेली ती मुलगी, सारा, मोठी झाल्यावर वर्षानुवर्षं त्याला पत्रं लिहीत राहिली. फुलझाडांची ती भानगड आज ठाऊक आहे, ती त्यानं तिला लिहिलेल्या पत्रांमुळेच.